रेषा कोठे आखायची?

पर्यावरणशास्त्र आणि धोरण हा विषय विद्यापीठात शिकायला आलेले विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, गाडगीळ अहवाल बरोबर की कस्तुरीरंगन?" आम्ही उत्तर न देता पश्चिम घाटाचा नकाशा पुढे ठेवतो.

२०१० साली केंद्र सरकारने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. या गटाने घाटावर अक्षांश-रेखांशांची ५ मिनिटांची जाळी टाकली. तिचा एक चौकोन साधारण ९ किमी लांब, ९ किमी रुंद. जैवविविधता, उतार, पाऊस, उंची यांवरून प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या केल्या. यात एक अडचण आहे. ८१ चौरस किलोमीटरमध्ये दाट रानाची दरी आणि भातखाचरे एकत्र आली, की सरासरीत दोन्ही बुजतात.

२०१२ साली नेमलेल्या डॉ. कस्तुरीरंगन समितीने उपग्रहचित्रे घेतली. त्यांतला एक ठिपका अवघा २४ मीटरचा. वस्ती, शेती, मळे बाजूला काढून समितीने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. (शेतांच्या मधोमध असलेली चिमुकली देवराई अशा वेळी सहज निसटते.) गावाचा २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील असेल, तर सगळे गाव यादीत.

हे २० कोठून आले? उपग्रहाने तर सांगितले नाही! १५ धरले तर यादी लांबेल, ३० धरले तर आखडेल. रान मात्र आहे तेवढेच राहील. मोजमाप संपून धोरण सुरू होते ते इथे.

यादीतल्या गावचा एक विद्यार्थी आमच्या वर्गात होता. "वडिलांना काजूची कलमे लावता येतील ना?" एवढेच त्याला हवे होते. समितीची बंदी खाणी, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग आणि प्रचंड बांधकामे यांवर होती, शेतीवर नव्हती. हे त्याच्या गावात कोणी नीट सांगितलेच नव्हते. मार्च २०१४ ते जुलै २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले.

शाळेत हे करून पाहता येईल. गावाचा नकाशा आलेखकागदावर उतरवा, झाडीचा भाग रंगवा. निम्म्याहून अधिक रंगलेले चौकोन मोजा. आधी अर्ध्या सेंटिमीटरचे, मग दोन सेंटिमीटरचे. दोन्ही उत्तरांवरून झाडीचे क्षेत्रफळ काढा आणि फरक कोठे पडला ते मुलांनाच शोधू द्या.