हळदीचे पेटंट आणि हरकतीचा हक्क

सन १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचे जे पेटंट बहाल केले, त्यातील पहिल्या दाव्याचे सार एवढेच होते की, रोग्याला हळदीच्या पुडीची परिणामकारक मात्रा दिली असता त्याची जखम भरून येते. विळीवर बोट कापले की डब्यातील चिमूटभर हळद त्यावर दाबून धरावयाची, हे जेथे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तेथे या वार्तेने संताप उसळावा हे स्वाभाविकच होते. परंतु संताप हा कोणत्याही दफ्तरात पुरावा म्हणून रुजू करून घेतला जात नाही, आणि पेटंटच्या दफ्तरात तर मुळीच नाही.

पेटंट म्हणजे वस्तुतः सरकार आणि शोधक यांच्यामधील एक सौदा होय. शोधकाने आपली युक्ती इतक्या तपशिलाने लिहून द्यावयाची, की त्या विषयातील जाणत्या माणसाला केवळ त्या लेखावरून तीच वस्तू सिद्ध करता यावी. आणि सरकारने त्याच्या मोबदल्यात ठराविक मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू बनविण्यास, वापरण्यास, विकण्यास व आयात करण्यास इतर सर्वांना मनाई करण्याचा अधिकार त्याला द्यावयाचा. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते, आणि ठरलेले नूतनीकरण शुल्क भरण्यात कसूर झाल्यास ती त्यापूर्वीच आटोपते. शिवाय हा अधिकार ज्या देशाने दिला त्याच्या सरहद्दीपुरताच चालतो. हिंदुस्थानात ही व्यवस्था १८५६ च्या कायद्याने आली, आणि त्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग यांनी केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. कचेरीतला साहेबाचा उकाडा हाच आपल्या पेटंटविद्येचा आद्य विषय ठरावा, हे त्या काळाला साजेसेच म्हटले पाहिजे.

पेटंट मिळण्यास युक्ती नवी असावी लागते, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोगी ती नसावी लागते, आणि उद्योगधंद्यात तिचा उपयोग व्हावा लागतो. हळदीचे प्रकरण अडले ते यांपैकी पहिल्याच कसोटीवर. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात अशी एक विलक्षण तरतूद होती, की एखादी गोष्ट खुद्द अमेरिकेत लोकांच्या माहितीत वा वापरात असेल तर तेवढ्यानेच तिचे नावीन्य संपावे, परंतु परदेशात ती शेकडो वर्षे प्रचारात असली तरी छापील ग्रंथ अथवा पेटंट दाखविल्यावाचून तिला जुनी मानू नये. कोट्यवधी घरांतील तोंडी ज्ञान अशा रीतीने एका फटकाऱ्यासरशी बाद होत होते. म्हणूनच डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज दाखल करताना सभा-मोर्चांचा मार्ग न धरता, ३२ लेखी दाखले जमविले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये त्या पेटंटचे दावे फेटाळले गेले. अमेरिकेच्या कायद्यातील ती देशी-परदेशी तफावत पुढे २०११ च्या दुरुस्तीने दूर झाली.

युरोपात नियम निराळा. तेथे तोंडी माहिती आणि पूर्वीचा उघड वापर हेही ग्राह्य धरले जातात. कडुनिंबापासून बुरशीनाशक करण्याचे जे पेटंट युरोपीय कार्यालयाने २००० साली रद्द केले व ज्यावरील अपील २००५ साली निकालात निघाले, त्या प्रकरणी पूर्वीच्या वापराची साक्ष निर्णायक ठरली.

आपला १९७० चा कायदा, त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांसह, या बाबतीत बराच सावध आहे. पारंपरिक ज्ञान अथवा त्याची नुसती फिरवाफिरव हा शोध मानू नये असे तो स्पष्टपणे सांगतो, आणि एखाद्या स्थानिक समाजाला तोंडी ठाऊक असलेली गोष्ट हेदेखील हरकतीचे कारण मानतो. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो; त्यानंतर पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेता येते, आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधितांना. सर्वसाधारण वाचकाला बहुधा आश्चर्य वाटेल अशी गोष्ट अशी, की सरकारी तपासणीमुळे पेटंट वैध असल्याची हमी मिळते असे समजू नये, हे त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात लिहून ठेवलेले आहे. २०२३-२४ या एका वर्षात भारतात एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर झाली. इतक्या रेट्यात तपासनिसाची नजर चुकणे अशक्य नाही, आणि ती चूक दाखवून देणारी बाहेरची नजर हा माझ्या मते या व्यवस्थेचा अर्धा भाग आहे. नवे पेटंट मिळाल्याच्या जाहिरातीने दिपून जाणाऱ्यांनी मथळा सोडून दावे वाचावेत. मागणी नेमकी कशावर आहे, हे तेथेच कळते.

हे सारे कोणालाही पाहता येते. पेटंट कार्यालयाचे राजपत्र दर शुक्रवारी प्रसिद्ध होते, आणि ते संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी शास्त्रांतील नुस्खे पाच परकीय भाषांत नोंदवून परदेशी तपासनिसांपुढे ठेवण्याचे कार्य २००१ पासून चालू आहे; तथापि गावोगावच्या छापखान्यांतून निघालेली घरगुती वैद्यकाची पुस्तके, शेतीविषयक मासिके, पाकशास्त्राच्या पुस्तिका यांचा पसारा मोठा आहे, आणि त्यांतील कोणते पान केव्हा दाखला म्हणून लागेल हे आज कोणी सांगू शकत नाही. तेव्हा माळ्यावरचा असा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी वाचकांनी त्यावरील प्रकाशनाचे साल पाहावे, आणि तो जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा.