हेडफोन निवडताना

वाचकहो, आपण चप्पल घ्यायला बाजारात गेलो तर ती पायात घालून, चार पावले चालून पाहतो. परंतु तासन् तास कानात राहणारा हेडफोन मात्र खोक्यावरचे चित्र आणि किंमत पाहून उचलतो. हल्ली एकाच खोलीत मूल फोनवर धडा ऐकते, गुरुजी प्रशिक्षणाचा वर्ग ऐकतात आणि आजोबांना भजन हवे असते. तेव्हा हेडफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. थोड्या पैशांत तो चांगला कसा निवडावा, ते आज पाहू.

प्रथम आपला फोन हातात घ्या. त्याच्या कडेला साडेतीन मिलिमीटरचे गोल भोक आहे काय? असेल तर वायरचा हेडफोन सर्वांत सोयीचा. तो स्वस्त असतो आणि त्याला चार्जिंगची कटकट नाही. त्याच्या पिनेवर बारीक पट्ट्या दिसतील. तीन पट्ट्या असल्या तर बहुधा त्याला बोलण्यासाठी माईकही असतो. दोनच असल्या तर तो केवळ ऐकण्याचा.

नव्या पुष्कळ फोनांना हे भोक नसते. मग टाइप-सी पिनेचा हेडफोन घ्यावा किंवा ब्लूटूथचा. टाइप-सीची प्रत्येक जोडणी प्रत्येक फोनवर चालतेच असे नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्याच फोनला लावून पाहा. ब्लूटूथमध्ये वायरीचा गुंता नाही हे खरे, पण त्यातली बॅटरी लहान असते आणि वापराने ती हळूहळू दुबळी होत जाते. दोन इवलेसे तुकडे हरवण्याची धास्ती, ती वेगळीच!

आता खोक्यावरचे आकडे. ‘20 ते 20,000 हर्ट्‌झ’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. बरे, पण माणसाच्या कानाचा आवाकाच साधारण तेवढा आहे आणि हा आकडा बहुतेक खोक्यांवर असतो. त्यावरून बरेवाईट कळत नाही. त्यापेक्षा ओहमचा आकडा पाहा. 16 किंवा 32 ओहमचा हेडफोन फोनवर सहज चालतो. तो आकडा फार मोठा असला तर आवाज बारीक येण्याचा संभव असतो.

खरी परीक्षा कानानेच करायची. आपल्या चांगल्या परिचयाचे भजन लावा. पखवाजाची थाप नुसती ढबढब न येता गोल यावी, टाळांचा आवाज कानाला बोचू नये आणि शब्द स्वच्छ कळावेत. मग बातम्या ऐका. ‘स’ आणि ‘श’ फुसफुसत असतील तर तो हेडफोन ठेवून द्या. ऐकणे प्रामुख्याने धड्यांचे असेल, तर ‘भारी बास’पेक्षा स्वच्छ शब्द महत्त्वाचा.

आणि मंडळी, सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो कानात नीट बसला पाहिजे. कानात बसणाऱ्या इअरफोनबरोबर रबराच्या लहान, मध्यम व मोठ्या टोप्या मिळतात. त्या बदलून पाहा. टोपी सैल असली की बाहेरचा गोंगाट आत येतो, थापही पोकळ वाटते. मग काय होते? एस.टी.चे इंजिन घरघरत असते, शब्द कळत नाहीत, म्हणून आपण आवाज वाढवत नेतो. नुकसान होते ते इथेच.

आपल्या कानाच्या आत शंखासारख्या भागात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास, ही मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ती 75 डेसिबलची. आवाज 3 डेसिबलने वाढला की त्याची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. हिशेब सोपा आहे, पण कान तो बोलून दाखवत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे विद्यार्थ्यांना जरूर सांगा. आवाज फोनवरील पट्टीच्या साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये, तासाभराने कानाला विसावा द्यावा आणि रस्त्याने चालताना हेडफोन खिशात ठेवावा. ऐकून उठल्यावर कानात शिटी वाजल्यासारखे होत असेल, तर आवाज जास्त होता असे समजावे. ती शिटी थांबली नाही, तर डॉक्टरांना कान दाखवावा.

तेव्हा दुकानात जाताना आपला फोन बरोबर न्या, ओळखीचे भजन लावा, टोप्या बदलून पाहा आणि पक्के बिल घ्या. ज्यात कमी आवाजावरही प्रत्येक शब्द कळतो, तो हेडफोन आपला.