फॉर्म्युला वनचे फिरते बिऱ्हाड

फॉर्म्युला वनच्या 2024 च्या हंगामात पाच खंडांतील 21 देशांमध्ये 24 शर्यती झाल्या. तेव्हाच्या दहा संघांपैकी बहुतेकांचे कारखाने इंग्लंडमध्ये आहेत: मर्सिडीजचा ब्रॅक्लीत, रेड बुलचा मिल्टन कीन्समध्ये, मॅकलॅरेनचा वोकिंगमध्ये. फेरारीचा कारखाना इटलीतल्या मारानेल्लोत आहे. दर शर्यतीसाठी दोन गाड्या, सुटे भाग, हत्यारे, संगणक, गॅरेजच्या भिंती आणि स्वयंपाकघर असे सगळे बिऱ्हाड नव्या गावात उभे करायचे आणि शर्यत संपताच मोडून पुढे न्यायचे, असा हा क्रम वर्षभर चालतो. माल समुद्र, रस्ता आणि विमान अशा तीन वाटांनी जातो. वस्तू किती जड आहे, किती महाग आहे आणि किती लवकर हवी आहे, यावर तिची वाट ठरते.

सुरुवातीच्या काळात बहुतेक शर्यती युरोपातच होत आणि गाड्या ट्रकवर चढवून नेल्या जात. 1955 मध्ये मर्सिडीजने यासाठी एक खास निळा वाहक वापरला. त्याला 300 एसएल या स्पोर्ट्स कारचे इंजिन होते आणि पाठीवर शर्यतीची गाडी घेऊन तो ताशी सुमारे 170 किलोमीटर वेगाने धावत असे. पुढे शर्यती इतर खंडांत वाढल्या आणि एकेकट्या संघाला ही वाहतूक परवडेनाशी झाली. ब्रॅबम संघाचे मालक बर्नी एक्लस्टन यांनी 1970 च्या दशकात संघांची मोट बांधली आणि प्रवासाची, मालवाहतुकीची व्यवस्था एकत्रितपणे होऊ लागली. 2004 पासून डीएचएल ही या स्पर्धेची अधिकृत वाहतूक भागीदार आहे.

समुद्राची वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ. म्हणून या वेगवान खेळाची पहिली हालचाल जहाजावर होते. गॅरेजचे फलक, टेबल-खुर्च्या, केबल, हवेच्या नळ्या, शीतकपाटे, भांडीकुंडी अशा सामानाचे प्रत्येक संघाकडे पाच-सहा सारखेच संच असतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांतले काही कंटेनरमध्ये भरून रवाना होतात. एक संच मेलबर्नमध्ये उघडलेला असतो तेव्हा दुसरा जपानच्या आणि तिसरा त्याहून पुढच्या शर्यतीच्या वाटेवर असतो. मेलबर्नचा संच आवरला की मधल्या शर्यती ओलांडून थेट पुढच्या कुठल्या तरी बंदराकडे निघतो. एकच जड टेबल दरवेळी विमानाने नेण्यापेक्षा तशी पाच टेबले विकत घेऊन जहाजाने फिरवणे स्वस्त पडते.

युरोपातल्या शर्यतींसाठी ट्रक वापरतात. लांबच्या पल्ल्यात चाक थांबू नये म्हणून एका ट्रकवर आळीपाळीने चालवणारे चालक असतात. या चालकांना शर्यतीच्या जगात ‘ट्रकी’ म्हणतात, पण ट्रक चालवणे हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. गॅरेजची जुळणी तेच करतात. शर्यतीच्या दिवसांत टायर आणि इंधन सांभाळण्याचे कामही अनेकदा त्यांच्याकडे असते आणि सगळे संपल्यावर तेच सामान पुन्हा ट्रकमध्ये रचतात. कोणती पेटी आधी लागणार आणि म्हणून कोणती शेवटी भरायची, हे त्यांना पाठ असते. पडद्यावर न दिसणाऱ्या या कौशल्यावर सराव सुरू होण्याआधीचा संघाचा गुरुवार सुरळीत जातो की नाही हे अवलंबून असते.

युरोपाबाहेर गाड्या विमानाने जातात. पंख, तळ, चाके असे भाग काढून गाडी वेष्टनात गुंडाळतात. पेट्यांचा आकार विमानाच्या गोलाईला जुळेल असा बनवलेला असतो. भिंती आणि संगणकांची जोडणी यांसारखे गॅरेज उभारायला लागणारे सामान अग्रक्रमाच्या पेट्यांत जाते, कारण त्या पोहोचल्याशिवाय बाकीच्यांना जागाच नसते. आवराआवर शर्यत संपायच्या आधीच सुरू होते. गाड्या मात्र तपासणी पूर्ण होईपर्यंत नियंत्रकांच्या ताब्यात असतात. त्या मोकळ्या झाल्या की रात्रभर काम चालते.

या सगळ्या हालचालीला बांधून ठेवणारी गोष्ट कागदाची आहे: एटीए कार्नेट. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला हा दस्तऐवज मालाचा पासपोर्टच आहे. त्याच्या आधारे माल सीमाशुल्क न भरता तात्पुरता देशात आणता येतो, मात्र तो परत न्यावा लागतो. यादीत प्रत्येक वस्तूचे वर्णन, संख्या, वजन, किंमत आणि मूळ देश लिहावा लागतो. एकदा कार्नेट निघाले की यादीत नवी वस्तू घालता येत नाही. संपून जाणारे इंधन आणि खाद्यपदार्थ त्यात बसत नाहीत. अपघातात मोडलेल्या पंखाचाही हिशेब द्यावा लागतो. तो परत न्यायचा, नाही तर तो नष्ट झाल्याचे सीमाशुल्क खात्याकडून मान्य करून घ्यायचे. कारखान्यातून ऐन वेळी आलेल्या भागाची कागदपत्रे वेगळी. 2021 च्या सुरुवातीला ब्रिटन युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेबाहेर पडले आणि ब्रिटिश संघांना फ्रान्स-इटलीला जातानाही हे सोपस्कार चुकेनासे झाले.

सीमाशुल्काचा प्रश्न भारतातही आला. 2011 ते 2013 अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडातल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर शर्यत झाली. सरकारने तिला खेळापेक्षा करमणूक मानले, त्यामुळे सीमाशुल्क आणि कर दोन्ही आयोजकांना जड गेले. 2014 पासून भारत वेळापत्रकातून वगळला गेला.

अडथळ्यांचा इतिहास मोठा आहे. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची हवाई वाहतूक थांबवली आणि शांघायच्या शर्यतीनंतर संघांची माणसे तिथेच अडकली. मार्च 2020 मध्ये मेलबर्नची शर्यत सगळे सामान उभारून झाल्यावर शुक्रवारी सकाळी रद्द झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये मेक्सिकोहून ब्राझीलकडे जाणारा माल उशिरा पोहोचला, तेव्हा शर्यतीआधीच्या दिवसांत रात्री काम करण्यावर एरवी असणारी बंदी शिथिल करावी लागली. मे 2023 मध्ये पुरामुळे इमोलाची शर्यत रद्द झाली. पुढची मोनॅकोची शर्यत अवघ्या आठवड्यावर होती. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि दीड-दोन आठवडे वाढले. इतक्या आधी निघणारा मालही त्यामुळे बेभरवशाचा झाला.

सलग शर्यतींनी ही ओढाताण आणखी वाढते. तीन रविवारी तीन शर्यती हा प्रयोग 2018 मध्ये फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि ब्रिटन असा पहिल्यांदा झाला. त्यावर नाराजी उमटली, 2019 मध्ये तो टळला, पण नंतर रूढ झाला. 2024 मध्ये लास वेगासची शर्यत शनिवारी रात्री दहाला सुरू झाली. ती संपली तेव्हा कतारमध्ये रविवारची सकाळ झाली होती आणि तिथे शुक्रवारी दुपारी सराव सुरू व्हायचा होता. मधल्या पाच दिवसांत गॅरेज मोडून, जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा उभे करायचे होते. कतारच्या शर्यतीनंतरच्या रविवारी अबू धाबी होतेच. काही संघ माणसांची पाळी बदलतात, पण संघाच्या खर्चावर मर्यादा असल्याने प्रत्येकाला बदली देणे शक्य नसते. या कामाची खरी किंमत माणसांच्या झोपेत आणि घरापासूनच्या दुराव्यात मोजावी लागते.

दुसरी किंमत पर्यावरणाची. फॉर्म्युला वनने 2019 मध्ये आपल्या वार्षिक कार्बन उत्सर्जनाचा हिशेब जाहीर केला: सुमारे 2,56,000 टन. त्यात मालवाहतुकीचा वाटा 45 टक्के होता, तर गाड्यांच्या इंजिनांचा फक्त 0.7 टक्के. 2030 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी जुन्या 747 ऐवजी कमी इंधन खाणारी 777 मालवाहू विमाने आणि 2023 पासून युरोपात जैवइंधनावरचे ट्रक आले. 2024 मध्ये जपानची शर्यत एप्रिलमध्ये आणून ऑस्ट्रेलिया, जपान आणि चीन ओळीने जोडले गेले. जवळच्या शर्यती एकामागोमाग घेणे हा यातला सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय आहे. 2019 मध्ये मात्र 21 शर्यती होत्या. त्या 24 झाल्याने वाचवलेल्या अंतराचा काही भाग वाढीव फेऱ्यांत खर्ची पडतो. म्हणून उत्सर्जन किती घटेल आणि माणसांवरचा ताण किती हलका होईल, हे विमाने आणि ट्रक यांच्याइतकेच वर्षाला किती शर्यती घ्यायच्या या निर्णयावर अवलंबून राहील.