ऋतु कां होतात, आणि मृग कां सरकतो

मृग निघाला कीं पाभर शेतांत घालावयाची, ही आपल्या शेतकरीवर्गाची जुनी रीत. तिचा आकाशाशीं संबंध काय, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

सूर्य जवळ आला कीं उन्हाळा व दूर गेला कीं हिवाळा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. पृथ्वी सूर्याच्या अगदीं जवळ, सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटरांवर, येते ती जानेवारीच्या आरंभीं, गव्हाच्या राखणीस आपण शेकोटी पेटवितों तेव्हां. आणि अत्यंत दूर, १५ कोटि २१ लक्षांवर, जाते ती जुलैच्या आरंभीं.

खरें कारण पृथ्वीचा आंस. तो सुमारें साडेतेवीस अंश कललेला असून वर्षभर एकाच दिशेस रोखलेला असतो. त्यामुळें सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो व सहा महिने दक्षिण. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास माध्यान्हींचा सूर्य क्षितिजावर अवघा ४८ अंश चढतो व दिवस ११ तासांचा असतो. मेच्या मध्यास तोच डोक्यावर येतो व दिवस जवळजवळ १३ तासांचा होतो. तिरपें ऊन पसरून विरळ होतें, उभें ऊन एकवटतें. जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, आणि समुद्रावरील ओलसर वारा आंत शिरतो. तोच आपला पाऊस आणतो.

आतां मृगाविषयीं. नक्षत्रें ताऱ्यांवरून मोजतात. ऋतु मात्र आंसाच्या कलावर चालतात. हा आंस भोवऱ्याप्रमाणें डुलत सुमारें २६,००० वर्षांत एक फेरा करितो. म्हणून ताऱ्यांचें वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारें २० मिनिटांनीं मोठें असतें, व ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. खरें उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास लागूनही मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीस येते, ती याचमुळें. आज ७-८ जूनला लागणारा मृग हजार वर्षांपूर्वीं आजच्या तारखांच्या हिशेबानें २४-२५ मेच्या सुमारास लागत असे. आणखी हजार वर्षांनीं तो २१-२२ जूनच्या सुमारास लागेल.

एका मनुष्याच्या आयुष्यांत हा फरक एका दिवसाचाच. त्यानें कोणाची पेरणी बुडत नाहीं. परंतु यावरून एवढें ठरतें कीं, पाऊस नक्षत्राच्या आज्ञेंत नाहीं. मृग हा पूर्वजांनीं अनुभवानें बांधलेला ठोकताळा आहे. त्याचा मान राखावा, पण केवळ त्याच्या भरंवशावर कोरड्या रानांत बीं टाकूं नये. दुबार पेरणीचा खर्च पंचांग भरून देत नाहीं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खोल उतरली, म्हणजेच पाभर जुंपावी, हें आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.