दोन ऑगस्टनंतरचे सिल्वासा

दादरा-नगर हवेलीची गोष्ट मराठी माणूस २ ऑगस्ट १९५४ पर्यंतच सांगतो. जुलैत युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतले, मग आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले, सुधीर फडके त्यांत होते. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांमध्ये केलेले काम मात्र अनेकदा गाळले जाते.

पुढची सात वर्षे हा मुलूख प्रत्यक्षात पोर्तुगालचाही नव्हता आणि कायद्याने भारताचाही नव्हता. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाटेचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला, पण सशस्त्र फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना वाट नाकारली. भारताने आपले बंधन मोडले नाही, असेही ठरले. १२ जून १९६१ रोजी पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. ऑगस्टमध्ये सनदी अधिकारी बदलानी एका दिवसाचे पंतप्रधान होऊन नेहरूंबरोबर करारावर सह्या करून मोकळे झाले.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. परक्या पोलिसांना हाकलणाऱ्या लोकांना स्वतःच्या पोलिसांवर लोकप्रतिनिधीमार्फत वचक कधी मिळालाच नाही. लोकसभेत एक खासदार, बाकी सारे प्रशासकाकडे, प्रशासक केंद्राकडे. कलम २४० खाली राष्ट्रपती इथले नियम करतात आणि दुसऱ्या राज्याचा कायदा केंद्राच्या अधिसूचनेने लागू होऊ शकतो. तो कायदा ज्या विधानसभेने केला, तिच्यासाठी इथल्या वारल्याने किंवा कोकण्याने मत दिलेले नसते. दमणला १९६३ पासून गोव्याच्या विधानसभेत निदान एक जागा होती. १९८७ साली तीही गेली. २६ जानेवारी २०२० रोजी दोन्ही प्रदेश जोडले गेले आणि मुख्यालय दमणला गेले.

दरम्यान समाज पार पालटला. करसवलतींमागून कारखाने आले. २००१ ला २,२०,४९० असलेली वस्ती २०११ ला ३,४३,७०९ झाली. वाढीचा हा वेग देशात सर्वाधिक होता. दर हजार पुरुषांमागे ७७४ बायका, म्हणजे एकटे आलेले कामगार किती ते कळावे. कारखान्यांच्या या पट्ट्यात चाळींत राहणाऱ्या अनेकांची नावे अजून गावाकडच्या मतदार यादीत असतात. बंदोबस्ताला त्यांची दखल घ्यावी लागते, उमेदवाराला फारशी नाही. सुरक्षेच्या हिशेबात असा माणूस संशयित म्हणून आधी येतो आणि ज्याच्या सुरक्षेची काळजी घ्यायची तो म्हणून फार उशिरा.

आणि ज्याला मत मिळते, त्याचे तरी काय? सात वेळा निवडून आलेले मोहन डेलकर यांनी २०२० साली लोकसभेत उभे राहून स्थानिक प्रशासन आपला अवमान करते, अशी तक्रार केली. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. या मृत्यूप्रकरणी अधिकाऱ्यांवर नोंदवलेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केला. त्या निकालाच्या पलीकडे जाऊन कुणावर ठपका ठेवायचा नाही. पण खासदारालाही तक्रार घेऊन दिल्ली गाठावी लागते, हे लोकसभेत नोंदले गेलेच. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन डेलकर शिवसेनेकडून जिंकल्या, २०२४ ला भाजपकडून.

प्रदेश फार लहान, विधानसभा परवडणार नाही, असे उत्तर मिळते. २०११ च्या जनगणनेत या जोडप्रदेशात ५,८६,९५६ लोक होते, सिक्कीममध्ये ६,१०,५७७. सिक्कीमच्या विधानसभेत ३२ आमदार बसतात.