मेलबर्नचे 30 तास आणि निदान न झालेला दमा

21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरावरून वादळ गेले. पुढच्या 30 तासांत तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा 3,365 रुग्ण जास्त आले. आधीच्या 3 वर्षांशी तुलना करता ही वाढ 672 टक्के. म्हणजे जिथे सुमारे 500 रुग्ण यायचे, तिथे 3,870 च्या आसपास आले. दम्यासाठी दाखल कराव्या लागलेल्यांची संख्या 476 ने, म्हणजे 992 टक्क्यांनी वाढली. एरवी 48 जण दाखल झाले असते, त्या वेळी 524 झाले. 35 जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. मृत्यू 10.

कारण होते गवताचे पराग. रायग्रास या गवताचा परागकण 35 मायक्रॉनहून मोठा असतो. तो नाकात अडकतो, फुप्फुसात खोलवर जात नाही. वादळातल्या ओलाव्याने तो फुटला की त्यातून सुमारे 700 पिष्टकण बाहेर पडतात. त्यांचा आकार 3 मायक्रॉनपेक्षा कमी असल्याने ते थेट लहान श्वासनलिकांपर्यंत पोचतात. नाक गाळणीसारखे काम करते, ते इथे निरुपयोगी ठरले.

इथवरचे आकडे हवामानाने समजावता येतात. पुढचे येत नाहीत. आपत्कालीन विभागात आलेल्यांपैकी 1,435 जणांची नंतर प्रश्नावलीद्वारे माहिती घेतली गेली. त्यांपैकी फक्त 28 टक्के लोकांना त्या वेळी दमा असल्याचे डॉक्टरांनी आधी सांगितलेले होते. उरलेल्या 72 टक्के लोकांना त्या वेळी दमा असल्याचे निदान नव्हते, त्यामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी इन्हेलर असण्याचे कारणही नव्हते. लंडनमध्ये 24 जून 1994 च्या वादळानंतर हेच दिसले होते. अपेक्षित 66 रुग्णांच्या जागी 640 आले आणि त्यांतल्या 283 जणांना, म्हणजे 44 टक्क्यांना, दमा असल्याची आधी नोंद नव्हती. मात्र 403 जणांना, म्हणजे 63 टक्क्यांना, परागांच्या ॲलर्जीची सर्दी होती. सलग शिंका आणि वाहते नाक याकडे ‘नुसती सर्दी’ म्हणून पाहणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

मेलबर्नच्या आकड्यांत मराठी वाचकांसाठी आणखी एक नोंद आहे. दम्यासाठी दाखल झालेल्यांत भारतात किंवा श्रीलंकेत जन्मलेल्यांचा वाटा आधीच्या 3 वर्षांत 1 टक्का होता, तो त्या वेळी 10 टक्के झाला. प्रश्नावलीतले 39 टक्के रुग्ण आशियाई किंवा भारतीय वंशाचे होते, शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 25 टक्के. मृतांमध्ये 10 पैकी 6. मायदेशात ज्या परागांशी संबंध आला नव्हता, त्यांची ॲलर्जी स्थलांतरानंतर काही वर्षांनी जडते, हे यामागचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. ज्यांची मुले तिथे शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला गवत-परागांचा हंगाम ध्यानात ठेवावा. 2017 पासून त्या काळात व्हिक्टोरिया राज्यात वादळी दम्याचा अंदाज रोज जाहीर होतो.

आपल्याकडे अशा संकटाला वादळाची गरज लागत नाही. 2019 च्या जागतिक आजारभार अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे 3.43 कोटी रुग्ण आहेत. जगातल्या रुग्णांपैकी हे 13 टक्के. जगातल्या दम्याच्या मृत्यूंमध्ये भारताचा वाटा मात्र 40 टक्क्यांहून अधिक आहे. रुग्णांच्या वाट्यापेक्षा मृत्यूंचा वाटा तिप्पट, या तफावतीचा बराच खुलासा 9 केंद्रांवर झालेल्या एका भारतीय पाहणीत मिळतो. सव्वा लाखाहून अधिक मुले आणि पालक तीत होते. ज्यांच्या छातीत वर्षभरात घरघर झाली होती, त्यांच्यापैकी 82 टक्क्यांचे दम्याचे निदानच झालेले नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण 70 टक्के. सूज आवरणारे स्टेरॉइडचे इन्हेलर रोज घेणारे 2.5 टक्क्यांपेक्षा कमी. मेलबर्नमध्ये जे 30 तासांत उघडे पडले, ते इथे बारा महिने चालू असते.

निदान नसेल तर अटॅकचा पहिला तास रिकाम्या हाताने जातो. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. 2011 च्या जनगणनेवर हिशेब केला तर 1 लाख 20 हजार लोकांमागे एक. ती दारात येईपर्यंतचा वेळ घरच्यांच्याच हातात असतो. त्या वेळेसाठी ऑस्ट्रेलियात शिकवला जाणारा क्रम चारच्या पाढ्यासारखा आहे. रुग्णाला ताठ बसवायचे, आडवे करायचे नाही. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप हलवून स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याला) लावायचा, एक फवारा मारायचा आणि स्पेसरमधून 4 श्वास घ्यायला लावायचे. असे 4 फवारे, मग 4 मिनिटे थांबायचे. फरक नसेल तर पुन्हा 4. तरीही फरक पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा. रुग्णाला एका दमात वाक्य पूर्ण करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तो गुंगीत जात असेल, तर 4 मिनिटेही न थांबता आधी फोन. ‘दम लागलाय’ एवढे सांगण्यापेक्षा ‘वाक्य पूर्ण बोलता येत नाही’ हे सांगावे, कारण त्यावरून तीव्रता कळते. घरघर अचानक थांबली आणि श्वासाची ओढाताण तशीच राहिली, तर तो आराम नव्हे. हवा आत-बाहेर होणेच कमी झालेले असते.

रुग्णालयात ऑक्सिजन, पुन्हा पुन्हा साल्ब्युटामॉल आणि पहिल्या तासातच स्टेरॉइड, हा उपचाराचा गाभा आहे. आपल्याकडे ‘नेब्युलायझर लावून आलो’ म्हणजे उपचार झाला असे समजतात. पण त्यातले साल्ब्युटामॉल साधारण 4 ते 6 तास टिकते आणि नलिकांची सूज उतरवत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायलाही काही तास लागतात, आणि मोठ्या माणसांना ते साधारणपणे 5 ते 7 दिवस घ्यावे लागते. घरी बरे वाटू लागल्यावर दुसऱ्या दिवशी गोळ्या सोडणारे नेमके हेच विसरतात.

डिस्चार्ज मिळाल्यावर धोका लगेच संपत नाही. ब्रिटनमध्ये 2012-13 मधील दम्याच्या 195 मृत्यूंची छाननी झाली. त्यांतले 10 टक्के मृत्यू रुग्णालयातून घरी गेल्यापासून 28 दिवसांच्या आत झाले. 45 टक्के लोकांनी वैद्यकीय मदत मागितलीच नव्हती किंवा ती मिळण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला होता. अटॅक आल्यावर काय करायचे याचा लेखी आराखडा फक्त 23 टक्क्यांना मिळालेला होता. ब्रिटनमध्ये तपासणी सरकारी खर्चाने होते, तरी ही स्थिती. म्हणून घरी निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात: रोजचा इन्हेलर कोणता, तातडीचा कोणता आणि फेरतपासणी कोणत्या तारखेला. ही तारीख मोठ्या माणसांसाठी 2 ते 7 दिवसांच्या आतली हवी, मुलांसाठी 1 ते 2 दिवसांच्या.