नवनिर्मितीची कसोटी
(लेखमाला : स्वयंपाकघरातले कारागीर, भाग ६)

कोणता शेफ खरोखर नवं काही घडवतो, या वादाचा निकाल बहुतेकदा ताटलीच्या सजावटीवर लागतो. या आठवड्यात हा वाद वाराणसीत नेऊन तपासू.

थंडीत बनारसच्या चौखंबा, ठठेरी बाजार भागातल्या गल्ल्यांत सकाळी मलइयो मिळतो. दूध आटवून रात्रभर उघड्यावर, दवात ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा फेस साखर, केशर, वेलदोडा घालून कुल्हडात भरायचा. गारठ्यात दुधातली स्निग्धता घट्ट होते. ती आणि दुधातली प्रथिनं मिळून हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. ऊन चढलं की स्निग्धता सैलावते आणि फेस बसतो. म्हणून मलइयो फक्त हिवाळ्यातच, तोही दुपारच्या आत.

स्पेनमधल्या 'एल बुयी' या रेस्टॉरंटच्या शेफ फेरान आद्रियाने १९९४च्या सुमारास फेसाचे पदार्थ आणले आणि ते जगभर गाजले. फेस जुनाच असेल, तर आद्रियाचं श्रेय काय? माझ्या मते पुष्कळ. त्याने सायफनच्या, म्हणजे वायूच्या दाबाने फेस काढणाऱ्या बाटलीच्या मदतीने फेसाला दूध, अंडी आणि ऋतू यांच्या बंधनातून सोडवलं. भाजीच्या रसाचाही फेस होऊ लागला. शिवाय ही रीत त्याने पुस्तकांतून खुली केली.

मलइयोचं दिल्लीतलं भावंड म्हणजे 'दौलत की चाट'. मूळचे पाटण्याचे शेफ मनीष मेहरोत्रा यांनी ती 'इंडियन अॅक्सेंट' रेस्टॉरंटच्या टेबलावर नेली. पदार्थाला मान मिळाला, हे मोलाचं काम. पण फेसाचं कसब जुन्या दिल्लीतल्या खोमचेवाल्यांचं. मेहरोत्रांची स्वतःची कल्पकता ब्लू चीज भरलेल्या छोट्या नानमध्ये जास्त दिसते.

नवं घडवणाऱ्यांच्या यादीत बनारसचे हलवाई आणि चाटवालेही हवेत. टोमॅटो आणि बटाटा दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. बनारसने त्यांतून 'टमाटर चाट' घडवली. त्यात टोमॅटो चवीपुरता नसतो, सगळी चाट त्याच्यावरच उभी असते. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात इथे तिरंगी बर्फी बनली. केशराचा केशरी, पिस्त्याचा हिरवा आणि मधे खवा-काजूचा पांढरा. खाद्यरंगांविना ध्वजाचे रंग मिठाईत उतरले. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

यावरून माझी कसोटी तीन प्रश्नांची. रीत नवी आहे की फक्त मांडणी? ती इतरांच्या स्वयंपाकघरात रुजली का? जिथून घेतलं, त्यांचं नाव सांगितलं का? पहिल्या दोन प्रश्नांना बनारसचे हलवाई उत्तम उतरतात. तिसरा प्रश्न आजच्या नामवंत शेफना आहे. मेनूकार्डावर स्वतःच्या नावाइतक्याच ठळकपणे त्यांनी आपल्या पदार्थाचं मूळ गाव आणि तिथले कारागीर यांचा उल्लेख करावा.